मेंदूचा नकाशा, पण कोणाच्या मेंदूचा?

हल्ली माझ्या दवाखान्यात एमआरआयच्या फिल्मबरोबर कधी कधी आणखी एक कागद येतो. त्यावर मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे आकारमान, पुढे टक्केवारी आणि एखाद्या ओळीत 'सरासरीपेक्षा कमी' असा शेरा. बहात्तर वर्षांच्या वडिलांना नावे आठवत नाहीत म्हणून तपासणी केलेली असते. कागद हाती पडताच घरात 'स्मृतिभ्रंश झाला' असा निकाल लागलेला असतो. हे आकडे येतात कोठून, ते आज पाहू.

संगणक मेंदूचे भाग ओळखतो ते नकाशाच्या आधाराने. रुग्णाची प्रतिमा ताणून, आक्रसून नकाशाशी जुळवायची आणि मग कोणता भाग कोठे संपतो ते ठरवायचे, अशी साधारण रीत. १९८८ साली तालैराख व तूर्नू यांनी प्रसिद्ध केलेला नकाशा बरीच वर्षे जगभर प्रमाण मानला गेला. तो होता साठ वर्षांच्या एका मृत स्त्रीच्या मेंदूचा. एकाच! पुढे कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संस्थेने १५२ तरुणांच्या एमआरआयची सरासरी काढून नवा नकाशा केला.

संशोधनात वापरल्या जाणाऱ्या प्रणालींत तीन नावे वारंवार येतात: लंडनची एसपीएम, ऑक्सफर्डची एफएसएल आणि बॉस्टनची फ्रीसर्फर. एसपीएम रुग्णांच्या गटांची तुलना करण्यासाठी प्रसिद्ध. फ्रीसर्फरला एका मेंदूला कित्येक तास लागतात, पण मेंदूच्या वरच्या थराची जाडी ती मोजून देते. खरी मौज हिप्पोकॅम्पसची. हा स्मरणशक्तीशी निगडित, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग. एकच एमआरआय एफएसएल आणि फ्रीसर्फरला दिला तर त्याचे आकारमान वेगवेगळे येते. तज्ज्ञाने हाताने रेखाटून मोजलेल्यापेक्षा फ्रीसर्फरचा आकडा सहसा मोठा निघतो. यात लबाडी नाही; कड कोठे धरायची याचे प्रत्येकीचे नियम निराळे. म्हणून दोन ठिकाणचे दोन अहवाल शेजारी ठेवून 'वर्षभरात मेंदू एवढा आकसला' असे गणित घरी मांडू नये.

शेजारच्या गावचा नकाशा घेऊन आपल्या जमिनीची मोजणी केली तर काय होईल, हे पनवेलकरांना मी सांगायला नको. हैदराबादची ट्रिपल आयटी आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था यांच्या संशोधकांनी २०१९ साली शंभर तरुण भारतीयांवरून नकाशा तयार केला. पाश्चात्त्य, तसेच चिनी व कोरियन नकाशांच्या तुलनेत आपला मेंदू सरासरीने उंची, रुंदी व आकारमानात थोडा लहान आढळला. (बुद्धीचा याच्याशी संबंध नाही, उगाच वाईट वाटून घेऊ नका.) २०२० साली बंगळुरूच्या निम्हान्समधील संशोधकांच्या सहभागाने वयोगटांनुसार पाच भारतीय नकाशे प्रसिद्ध झाले. ते आहेत सहा ते साठ वर्षांपर्यंतचे. आपले वडील बहात्तरचे!

तेव्हा असा कागद मिळाला की केंद्रात विचारा: प्रणाली कोणती, आणि तुलना कोणत्या देशाच्या, कोणत्या वयाच्या लोकांशी केली? जुना सीटी स्कॅन किंवा एमआरआय घरात असेल तर तो तज्ज्ञाला जरूर दाखवा. आणि बी-१२, थायरॉइड, ऐकू येण्यातला दोष, उदासीनता, झोपेच्या गोळ्या यांचीही आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. यांनीही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर इलाज करता येतो.