शेवटचा शत्रू

‘देह गेला, आत्मा कुठे जातोय!’ एखाद्याच्या घरी सांत्वनाला गेल्यावर हे वाक्य आपल्या तोंडी सहज येतं. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरीही आपण तेच म्हणतो आणि तोही मान डोलावतो. आत्मा उरतो यावर त्याचाही विश्वास असतोच. पण त्याच्या श्रद्धेची खरी भिस्त तिथे नाही. दर रविवारी मिस्सेत किंवा उपासनेत तो सगळ्यांबरोबर उभा राहून जो विश्वासांगीकार म्हणतो, त्याच्या शेवटी मेलेल्यांचं पुनरुत्थान आहे. देहातून सुटका झाल्याचा आनंद त्यात नाही. देह परत मिळेल, नवा होऊन मिळेल, अशी आशा त्यात आहे. हा फरक कळला नाही, तर ख्रिस्ती माणूस मरणाकडे कसा पाहतो, हे निम्मंच कळतं.

ही आशा सुरुवातीपासून तयार नव्हती. प्राचीन इस्राएलात मेलेला माणूस अधोलोकात जाई. तिथे ना सुख ना शिक्षा, नुसता अंधार आणि विस्मरण. मृतांना देवाची स्तुती करता येत नाही, अशी तक्रार स्तोत्रकर्ते उघडपणे करतात. हे चित्र ठळकपणे पालटलेलं दिसतं ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात. अंतियुखस राजाने यहुदी धर्मपालनावर बंदी घातली आणि नियमशास्त्र सोडायला तयार नसलेल्यांना हालहाल करून मारलं. देवाशी इमान राखलं म्हणून जे मेले, ते तसेच धुळीत पडून राहणार का? दानीएलाच्या पुस्तकाच्या अखेरीस या प्रश्नाचं उत्तर आहे: नाही, ते उठतील. मक्काबी ग्रंथातल्या सात भावांच्या आणि त्यांच्या आईच्या कथेतही ते आहे. म्हणजे पुनरुत्थानाच्या आशेला धार आली ती न्यायाच्या तहानेमुळे. कायम जगण्याची हाव हे तिचं मूळ नव्हे, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. येशूच्या काळापर्यंत यावर यहुद्यांमध्ये दोन तट पडले होते. परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत.

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय वाचताना हे ध्यानात ठेवावं. यरुशलेमजवळच्या बेथानी गावात लाजर आजारी पडतो. त्याच्या बहिणी, मार्था आणि मरिया, येशूला निरोप धाडतात, पण तो लगेच येत नाही. पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वेशीबाहेर सामोरी येते आणि तिच्या पहिल्याच वाक्यात ठपका आहे: तू इथे असतास, तर माझा भाऊ गेला नसता. भाऊ उठेल, असं येशू सांगतो. त्यावर ती धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकल्यासारखं बरोबर उत्तर देते: शेवटच्या दिवशी उठेल, ते मला ठाऊक आहे. सिद्धांत तिला पाठ आहे, पण त्याने तिचं दुःख हलकं झालेलं नाही. पुढे येशू कबरेवरची धोंड काढायला सांगतो, तेव्हा हीच मार्था म्हणते की आता दुर्गंधी येत असेल. मरणाचा वास लपवावा, असं त्या लेखकाला वाटलेलं नाही.

आणि तिथे येशू रडतो. थोड्या वेळाने आपण या माणसाला हाक मारून बाहेर बोलावणार आहोत, हे ठाऊक असलेला माणूस रडतो. मला हा सबंध नव्या करारातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. मरण म्हणजे जुनी वस्त्रं टाकून नवी नेसणं असतं, तर इथे रडायचं कारण काय? ख्रिस्ती समजुतीत मरण नैसर्गिक असलं तरी निरुपद्रवी नाही. ते शत्रूच आहे, आणि प्रेषित पौलाच्या मते सगळ्यांत शेवटी हरणारा शत्रू. म्हणून शोक करणं ही श्रद्धेतली उणीव ठरत नाही.

लाजर उठला खरा, पण तो पुढे पुन्हा मरणारच होता. ईस्टरची, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाची, श्रद्धा वेगळी आहे. येशू जुन्या आयुष्यात परतला नाही, मरणाच्या पलीकडे गेला. आणि गेला तो देहासह, हातापायांवरच्या खिळ्यांच्या खुणांसह. उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, असं शुभवर्तमानकार लूक मुद्दाम नोंदवतो. ग्रीक जगाला हे पचलं नाही. आत्म्याचं अमरत्व त्यांना मान्य होतं, पण देहाच्या कैदेतून सुटल्यावर पुन्हा देह कशाला? अथेन्समध्ये पौलाने हा विषय काढताच काही जणांनी त्याची टर उडवली. करिंथच्या मंडळीतही शंका होत्या. सन 54-55च्या सुमारास त्याने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय या विषयावरचा मूळ दस्तऐवज आहे. ख्रिस्त उठला नसेल, तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही फोल, असं तो स्वच्छ लिहून टाकतो. उठलेला देह कसा असेल, याला तो पेरणीचं उदाहरण देतो. पेरतो तो नुसता दाणा. उगवतं ते त्याचंच असतं, पण त्याच्यासारखं दिसत नाही.

या श्रद्धेचा मर्मभाग विरोधकांनीही ओळखला होता. सन 177मध्ये गॉलमधल्या लियों शहरात ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. मारेकऱ्यांनी प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली. यांना पुन्हा उठण्याची आशाच राहू नये, हा त्यामागचा हेतू इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलेल्या पत्रात नोंदलेला आहे. साधारण त्या काळाच्या आसपास लिहिणाऱ्या मिनुसियस फेलिक्सने यावर उत्तर दिलं होतं: आम्ही दहनाला भीत नाही, फक्त पुरण्याची जुनी, चांगली रीत पाळतो. ज्याने शून्यातून घडवलं, त्याला राख अडवू शकत नाही.

तरीही कॅथलिक चर्चने 1886 साली दहनावर बंदी घातली. पुनरुत्थान नाकारण्याची जाहीर खूण म्हणून काही चर्चविरोधी मंडळी युरोपात दहनाचा पुरस्कार करत होती, हे त्यामागचं मोठं कारण. 1963मध्ये ही बंदी उठली. 2016च्या सूचनेत राख विखरू नये, दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी, असं सांगितलं आहे. दफनाला पसंती कायम आहे.

मरण आणि शेवटचा दिवस यांच्या मधल्या काळात माणूस कुठे असतो, यावर मात्र ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट म्हणतात, मृत निद्रिस्त असतात. कॅथलिक परंपरेत मरताक्षणी प्रत्येकाचा वैयक्तिक न्याय होतो आणि अपुरे राहिलेले शुद्धिस्थानातून जातात. जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांना साहाय्य होतं. याच श्रद्धेच्या आधारावर पापदंडमाफीच्या चिठ्ठ्यांचा बाजार भरला आणि 1517मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याला आव्हान दिलं. बहुतेक प्रॉटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांच्या स्मरण-उपासनेत गेलेल्याच्या आयुष्याबद्दल आभार मानतात आणि घरच्यांसाठी धीर मागतात.

यातला धर्मशास्त्रीय वाद बाजूला ठेवून मोनिकाची गोष्ट पाहावी. संत ऑगस्टिनची ही आई उत्तर आफ्रिकेतली. नवऱ्याशेजारी आपली कबर असावी, म्हणून तिने जागा राखून ठेवली होती. घरी परतताना 387 साली रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात ती तापाने अंथरुणाला खिळली. मुलांना तिने सांगितलं, देह कुठेही पुरा, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. परक्या मातीत राहण्याचं तिला भय नव्हतं, कारण कुठून उठवायचं हे देवाला कळेलच. ऑगस्टिनने आधी अश्रू रोखून धरले, नंतर एकांतात त्यांना वाट करून दिली आणि हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं. 1945मध्ये ऑस्तियात खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणणाऱ्या दोन मुलांना तिच्या कबरीवरच्या शिलालेखाचा तुकडा सापडला.

वेदीपाशी आठवण ठेवायची ही रीत 2 नोव्हेंबरला दिसते. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने दहाव्या शतकाच्या अखेरीस हा सर्व मृतांचा दिवस आपल्या मठांत सुरू केला, मग तो सगळीकडे पसरला. वसईत आणि मुंबईत त्या दिवशी दफनभूमी माणसांनी भरून जाते. आधीचे काही दिवस कबरींवरचं गवत काढणं, क्रूसाला चुना लावणं चाललेलं असतं. मग झेंडू, शेवंती, मेणबत्त्या, आणि फादर कबरींमधून फिरत पवित्र पाणी शिंपडतात. नातवंडांना आजोबांची कबर दाखवली जाते.

पण ही कबर कायमची असेलच असं नाही. मुंबईत जागेची इतकी टंचाई आहे की बऱ्याच ठिकाणी ठरावीक काळाने कबर उघडून अस्थी काढतात, भिंतीतल्या छोट्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. 2020च्या साथीत तर काही कुटुंबांना दहनाचा निर्णय घ्यावा लागला. देहाच्या पुनरुत्थानाची आशा असलेल्यांना हे जड गेलं, यात नवल नाही. मात्र ही आशा हाडं जपून ठेवण्यावर कधीच टेकलेली नव्हती, हे मिनुसियसपासून मोनिकापर्यंत सगळे सांगून गेले आहेत. दाणा जसाच्या तसा राहणार नाही, हे तर पौलाने गृहीतच धरलं होतं. वसईतल्या काही धर्मग्रामांनी (पॅरिशनी) आता शवपेटीचा आग्रह सोडून मृतदेह सुती कापडात गुंडाळून पुरायला सुरुवात केली आहे. लाकूड कुजायला वेळ लागतो आणि कापडातला देह मातीत लवकर मिसळतो, हे त्यामागचं व्यवहारी कारण. पेटीचा खर्च वाचतो, झाडही वाचतं. यात परंपरा मोडल्यासारखं वाटण्याचं कारण नाही: अरिमथाईच्या योसेफाने क्रूसावरून उतरवलेला येशूचा देह तागाच्या कापडात गुंडाळूनच कबरेत ठेवला होता.