गिटारची तार आणि हाताला मुंग्या

निवृत्तीनंतर एखादे वाद्य शिकावे, अशी हौस अनेकांना असते. गिटार शिकू इच्छिणाऱ्या पन्नाशीपुढच्या मंडळींना मी स्वानुभवावरून संथ लयीचे ब्लूज सुचवतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय समाजात हे संगीत जन्मले. चार-चार ठोक्यांचे बारा भाग मिळून एक आवर्तन होते. ई, ए आणि बी सेव्हन हे तीन कॉर्ड आले की सुरुवात करता येते. यातले मुख्य पाच स्वर आपल्या धानी रागाचेच आहेत. सतारीवरील मींडेप्रमाणे तार खेचून स्वर चढवायचा असतो. वयाची सबब सांगणाऱ्यांनी मिसिसिपी जॉन हर्ट यांना आठवावे. १९२८ साली त्यांची ध्वनिमुद्रणे झाली, पुढे कित्येक वर्षे ते शेतात राबले आणि १९६३ साली सत्तरीच्या घरात असताना पुन्हा मैफली गाजवू लागले.

संथ लयीचा मोठा फायदा म्हणजे दोन कॉर्डांमध्ये हात सैल सोडायला उसंत मिळते. पोलादी तारा बोटांना रुततात. पहिले काही आठवडे टोके दुखतात, मग तेथील कातडी जाड होते. यात काळजीचे कारण नाही. बारीक तारा लावाव्यात, दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटेच वाजवावे, मनगट फार वाकवू नये. तार खेचताना एकट्या अनामिकेवर भार न टाकता मागे मधले बोट व तर्जनी लावावी.

मात्र टोके दुखणे वेगळे आणि हाताला मुंग्या येणे वेगळे. माझे एक रुग्ण महिनाभराच्या सरावानंतर आले. रात्री अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या येऊन झोपमोड होई. 'तारांमुळेच होतंय, गिटार सोडून देतो,' असे त्यांचे म्हणणे. पण तारा दाबतो तो डावा हात. मुंग्या तर दोन्ही हातांना होत्या! मी रक्तातील साखर तपासायला सांगितली. ती बरीच वाढलेली निघाली. मधुमेहात मनगटातील नस दबण्याचा त्रास अधिक आढळतो. साखरेवर उपचार आणि रात्री मनगटाला पट्टी, एवढ्यावर त्यांना आराम पडला. गिटार दोषी ठरवून घरी बसले असते, तर मधुमेह आतल्या आत वाढत राहिला असता.

वाचकहो, एक सोपी परीक्षा घरीच करा. दोन्ही हात नमस्कारासारखे जोडा. बोटे सरळ होऊन एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर साखर तपासून घ्या. हे दीर्घकाळच्या मधुमेहाचे लक्षण असू शकते. करंगळीकडची बोटे बधिर होत असतील किंवा अंगावर फिकट वा लालसर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाचीही तपासणी करावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. मधुमेह्यांनी सराव संपल्यावर बोटांची टोके रोज डोळ्यांनी पाहावीत. बधिर बोटाला झालेली जखम कळत नाही.

बोट दुखले तर विश्रांती द्या. मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर गिटारला दोष देण्याआधी डॉक्टरांना हात दाखवा.