सिकलसेल आणि सहा अक्षरांचे कुलूप

सिकलसेल असलेले बाळ जन्मते तेव्हा बहुधा धडधाकट असते. दूध पिते, वजन धरते, घरच्यांना शंकाही येत नाही. पाच-सहा महिने उलटतात आणि एके दिवशी हातापायांची बोटे सुजतात, बाळ रडायचे थांबत नाही, अंग फिकट दिसू लागते. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया येथील डॉक्टरांना हे चित्र चांगले ओळखीचे आहे. दोष तर आईच्या पोटातच सोबत आलेला असतो. मग पहिले काही महिने तो लपतो कुठे? या साध्या प्रश्नाच्या उत्तरातूनच या आजारावरचा एक नवा उपचार निघाला आहे.

मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. आजाराचे मूळ अगदी छोटे आहे. बीटा ग्लोबिन या जनुकात ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलेले असते. एवढ्याने हिमोग्लोबिनचा स्वभाव बदलतो. प्राणवायू कमी झाला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोरे तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. असह्य वेदना होतात त्या यामुळे.

गर्भातील बाळ मात्र वेगळे हिमोग्लोबिन वापरते. त्यासाठी बीटाऐवजी गॅमा ग्लोबिनचे जनुक काम करते आणि त्यात हा दोष नसतो. नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी दिसतात, हे न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच टिपले होते. गर्भातले हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते, हा त्यांचा तर्क होता. जन्मानंतर गॅमा जनुक हळूहळू मिटते, बीटा जनुक सुरू होते आणि आजार उघडा पडतो. गॅमा जनुक नष्ट होत नाही. ते प्रत्येक पेशीत जन्मभर असते, फक्त कुलूपबंद. हे कुलूप लावतो कोण?

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे २० हजार जनुके असतात. यकृताच्या पेशीत कोणती चालावीत आणि रक्ताच्या पेशीत कोणती, हे ठरवणारी खास प्रथिने असतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसात त्यांचे सुमारे १६०० प्रकार आहेत. ही प्रथिने डीएनए वाचतात, तेही त्याचा पीळ न उलगडता. डीएनएच्या पिळाला बाहेरून खाचा असतात आणि प्रत्येक अक्षरजोडीची कड त्या खाचेत वेगळी लागते. दृष्टिहीन माणूस ब्रेलवर बोट फिरवून अक्षर ओळखतो, तसे हे प्रथिन आपल्या घडीचा भाग खाचेत बसवून अक्षरे चाचपते. ओळखीचा शब्द लागला की घट्ट बसते. काही प्रथिने तिथे जनुकाची प्रत काढणारी यंत्रणा बोलावतात आणि जनुक सुरू होते. काही उलट ते बंद करतात.

पण शब्द लहान, ग्रंथ प्रचंड. ३०० कोटी अक्षरांत सहा अक्षरांचा एखादा शब्द लाखो ठिकाणी सापडणारच. म्हणून शब्द जुळणे पुरेसे नसते. डीएनएचा तो भाग मोकळा असावा लागतो आणि शेजारी सोबती प्रथिने असावी लागतात.

गॅमा जनुकाला कुलूप लावणाऱ्या प्रथिनाचे नाव बीसीएल-११ए. २००८ मध्ये हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन व सहकाऱ्यांनी त्याची ही भूमिका दाखवली. ते नेमके कुठे बसते, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले : गॅमा जनुकाच्या अलीकडे, टी-जी-ए-सी-सी-ए या सहा अक्षरांवर. काही माणसांत या जागी एखादे अक्षर जन्मतःच वेगळे असते. तिथे प्रथिन नीट बसत नाही, आणि गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही भरपूर बनत राहते. अशांना सिकलसेल असला तरी त्रास बराच कमी होतो.

हीच किमया घडवण्यासाठी ‘कॅसजेव्ही’ हा उपचार तयार झाला. बीसीएल-११ए स्वतः बनते ते गाटा-१ या दुसऱ्या प्रथिनामुळे. रुग्णाच्या रक्तजनक पेशी काढून, गाटा-१ जिथे बसते ती जागा क्रिस्पर तंत्राने मोडतात. मेंदू आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही बीसीएल-११ए हवे असते, म्हणून ते सगळीकडे बंद करून चालत नाही. ही जागा मात्र तांबड्या पेशींच्या घडणीतच कामाची आहे. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच डिसेंबरमध्ये उपचाराला मान्यता दिली. त्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे.

विदर्भातल्या शेतमजुराच्या मुलासाठी हे आज दूरचे स्वप्न आहे. पण त्याच दिशेने नेणारी स्वस्त गोळी हाताशी आहे. हायड्रॉक्सियुरिया घेतल्याने गर्भातले हिमोग्लोबिन वाढते आणि वेदनांचे झटके कमी होतात. तीव्र आजार असलेल्या भारतीय मुलांना कमी, ठरावीक मात्राही उपयोगी पडते, हे नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. बरे वाटले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये आणि रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे, कारण शरीर कोरडे पडले की झटका येऊ शकतो.

भारतीय रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या अनेक रुग्णांपेक्षा जास्त आढळते, म्हणून आपल्याकडचा आजार सौम्यच, असा समज होता. विदर्भातल्या अनेक मुलांना तीव्र त्रास होतो. तेव्हा या समजावर विसंबू नये. आईवडील दोघेही ‘एएस’, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासणी करावी ती यासाठी. अशा जोडप्याच्या बाळाची तपासणी जन्मताच व्हावी. कुलूप पूर्ण लागायला निसर्ग काही महिने देतो. तेवढ्यात निदान झाले तर पेनिसिलिन आणि लसी वेळेवर सुरू होतात, आणि पहिला गंभीर जंतुसंसर्ग टळू शकतो.