दुष्काळानंतरचें नायगांव

सन १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील लक्षावधि शेतकरी खडी फोडावयास गेले, हें वडीलधाऱ्या वाचकांस स्मरत असेलच. त्या कामांनीं माणसें जगलीं. रोजगार हमीची योजनाही तेव्हांच रुजली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तथापि खडी फोडून शिवाराची तहान भागत नाहीं. मस्टर बंद झालें कीं माणूस आपल्या कोरड्या बांधावर परत येतो, आणि गांव पुन्हां उभें करण्याचा प्रश्न तेथें सुरू होतो.

पुण्याचे इंजिनियर व कारखानदार विलासराव साळुंखे यांनीं हें ओळखलें. पुरंदर तालुक्यांतील नायगांव पर्जन्यछायेंत मोडतें. तेथील देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनीं १९७४ सालीं ५० वर्षांच्या करारानें घेतली. उतारावर समतल बांध घातले, पाझर तलाव बांधला, त्याच्याखालीं विहीर खोदली व तिचें पाणी उपसून वरच्या शेतांस दिलें. एवढें काम पदरीं पैसा व अक्कल असलेला कोणीही करील.

अवघड गोष्ट पुढेंच होती. इतर शेतकऱ्यांनीं अशाच उपसा योजना मागितल्या, तेव्हां पाणी वांटावें कसें? ज्याची जमीन त्याचें पाणी, हा आपला रिवाज. पाणी पंचायतीनें तो मोडला. पाणी माणशीं अर्ध्या एकरापुरतें, कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरतें. भूमिहीनासही हक्क, जमीन विकली तरी हा हक्क तिजबरोबर जात नाहीं. ऊंस लावावयाचा नाहीं. खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणारांनीं स्वतः भरावयाचा. निम्मा सरकारचा, उरलेला ग्राम गौरव प्रतिष्ठानाकडून बिनव्याजी कर्जाऊ. पाणी सोडण्यास पाटकरी नेमलेला.

माझी सारी नोकरी सात-बाराचे उतारे तपासण्यांत गेली. त्यांत विहीर गट नंबरासमोर लिहितात. घरांत खाणारीं तोंडें किती, याचा रकाना नाहीं. म्हणून मोठ्या खातेदारास हे नियम जाचक वाटतील, हें मी जाणतों. ‘आजा-पणजानें राखलेली जमीन, आणि पाणी सालगड्याइतकेंच?’ असें विचारणारे भेटतात. परंतु तलाव भरतो तो साऱ्या शिवारावर पडलेल्या पावसानें, आणि माथ्यावरचा एक बांध फुटला तर खालच्या सर्वांचें नुकसान होतें. ज्यास पाण्यांत वांटा नाहीं, तो तो बांध कशास राखील?

सर्वच योजना सारख्या टिकल्या नाहींत. उपसा म्हटला कीं विजेचें बिल आलें, पंपाची दुरुस्ती आली, आणि उसाचा मोह तर आहेच. आपल्या गांवीं अशी योजना काढावयाची असल्यास वांटणीचे नियम प्रथम लिहून त्यांवर भूमिहीनांसुद्धां सर्वांच्या सह्या घ्याव्या. पाइप मागाहून आणावे.