पेटीत न मिळणारी फियाट

लेखमाला : लहान मापाच्या गाड्या – लेखांक ७

उसाच्या हंगामात वळसंगला सोलापूर-अक्कलकोट रस्त्याच्या कडेला तासभर उभं राहावं. लाल एसटी जाते, कर्नाटकाची बस जाते, गुरुवार असेल तर अक्कलकोटच्या स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची रीघ लागते. मधूनच दहाचाकी ट्रक, आणि मागे वाहनांची रांग लावून, टेप मोठ्यानं वाजवत चाललेला उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांसह. आता समजा, गावातल्या कुणाला या रस्त्यावरच्या गाड्यांच्या प्रतिकृती जुळवायचा नाद लागला. किट बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांच्या याद्या तो चाळू लागला, तर त्याला पोर्श सापडेल, स्वीडनचा स्कॅनिया सापडेल, लांब नाकाचा अमेरिकी पीटरबिल्ट सापडेल. एसटी सापडणार नाही. मुंबईत कुर्ल्याला बनलेली फियाट, म्हणजे पद्मिनीही नाही.

सापडलाच तर ट्रॅक्टर सापडेल, आणि त्यामागे एक मजेदार गोष्ट आहे. किटच्या दुनियेतलं एअरफिक्स हे मोठं इंग्रजी नाव. १९३९ साली सुरू झालेली ही कंपनी आधी रबरी खेळणी आणि कंगवे बनवायची. १९४९ मध्ये तिला फर्ग्युसन टीई २० या ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती बनवायचं काम मिळालं. फर्ग्युसनच्या विक्रेत्यांनी ती गिऱ्हाइकाला दाखवायची, एवढाच हेतू. पण कारखान्यात ती जुळवायला माणसं लागत आणि खर्च वाढे. मग सुटे भागच विकायला काढले. जुळवायचं काम घेणाऱ्यानं करावं! एअरफिक्सचं पहिलं किट जन्मलं ते असं, हिशेबाच्या वहीतून. पुढे १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली आणि काही वर्षांनी मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. हेच नाव कपाळावर मिरवणारे लाल ट्रॅक्टर आज सोलापूरच्या रानात चालतात. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या त्या ट्रॅक्टरचा आजा एअरफिक्सच्या किटच्या इतिहासात पहिल्या पानावर बसला आहे, हे तो चालवणाऱ्याच्या गावीही नसतं.

किट म्हणजे काय, हे गेल्या लेखांकात आलंच आहे. पोलादी साच्यात वितळलेलं पॉलिस्टायरिन दाबून भरायचं. थंड झालं की चौकटीला लटकलेले शेंगांसारखे भाग बाहेर येतात. कटरनं सोडवायचे, कडा पॉलिश पेपरनं घासायच्या, रंगवायचे, चिकटवायचे. चिकटवण्याचा द्राव खरं तर प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भागांचा एक करतो, म्हणून तो जोड गोंदापेक्षा वेल्डिंगच्या जवळचा. मोटारींना बहुधा १:२४ किंवा १:२५ हे माप असतं. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट प्रतिकृतीत अर्धा इंच. अमेरिकेत १:२५ रुळलं, कारण तिथले मोटारविक्रेते नव्या वर्षाच्या गाडीचं रूप आणि रंग दाखवायला त्या मापाच्या तयार प्रतिकृती ठेवत. त्याच साच्यांवरून एएमटी या कंपनीनं १९५८ मध्ये अशी किटं काढली, की एकाच पेटीतल्या भागांतून गाडी तीन तऱ्हांनी जुळवता यावी. ट्रकच्या किटवाल्यांचं मुख्य दैवत मात्र इटलीत, इटालेरी ही कंपनी.

जपानच्या तामिया या किट कंपनीनं १९७६ मध्ये पोर्श ९३४ ही शर्यतीची गाडी १:१२ मापात काढली. त्यासाठी कंपनीच्या शुन्साकु तामिया यांनी एक खरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती पार सुटी करून मापं घेतली. पुन्हा जोडायला पोर्शच्या माणसांना बोलवावं लागलं, असं ते पुढे स्वतः सांगत. किटमध्ये एखादी गाडी यायची तर कुणीतरी तिच्यामागे इतकं वेडं व्हावं लागतं, आणि त्या वेडाला गिऱ्हाईकही लागतं. पद्मिनीच्या वाट्याला असं कुणी आलं नाही.

खरं म्हणजे पद्मिनी स्वतःच एके काळी किट होती. ती बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२ चा. रेल्वेची कंत्राटं, जहाजं, साखर, बंगळुरूचा विमान कारखाना असा पल्ला मारलेल्या या माणसानं १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. जोडल्या म्हणजे शब्दशः: बोटीनं लाकडी पेटाऱ्यांतून सुटे भाग यायचे, आणि इथे त्यांची गाडी व्हायची. फियाटची ११०० ही गाडी १९५४ पासून अशीच सुरू झाली आणि हळूहळू एकेक भाग इथे बनू लागला. पहिल्या गोलमटोल रूपाला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. १९६४ मध्ये चौकोनी वळणाची आली, आणि १९७४ मध्ये तिचं नाव पद्मिनी झालं. वालचंद १९५३ मध्येच गेले, त्यामुळे त्यांनी ती पाहिली नाही. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यानं २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा रस्ता संपला.

कुर्ल्यात ट्रकही बनत. डॉज, डिसोटो आणि फार्गो ही तीन नावं जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी अजून येतात. प्रत्यक्षात ट्रक एकच, पुढची पाटी तेवढी वेगळी. प्रतिकृती करणाऱ्याला हे वरदानच म्हणायचं: एक साचा केला की तीन ट्रक.

पण साचा येतो कुठून? तर गावात तो कधीच नव्हता, आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. सोलापूरच्या ज्वारीच्या मुलखात पोरं चिपाडाच्या बैलगाड्या करत आली आहेत. ज्वारीचं ताट सोलायचं, आतलं भेंड वेगळं काढायचं, सालीच्या काड्या त्यात टोचून सांधे धरायचे. खिळा नाही, गोंद नाही. मोटार आली तशी तारेची गाडी आली आणि तिला झिजलेल्या चपलेच्या तळव्यातून कापलेली चाकं लागली. पाश्चात्त्य छंदिष्ट ज्याला मोठ्या मानानं कोऱ्या सामानातून केलेलं मॉडेल म्हणतात, ते इथे ज्वारी निघाली की ओट्यावर चालायचं. आज त्याच हातांत सनबोर्ड, पीव्हीसी पाइप आणि छोटी मोटर आली आहे. ट्रॉलीचा फाळका खरोखर पडणारा, ट्रॉली हायड्रॉलिकऐवजी इंजेक्शनच्या सिरिंजवर उचलणारा ट्रॅक्टर करणारी मुलं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्यांच्या कामाला हौस म्हणून सोडून देणं बरोबर नाही. त्यात कमी पडतं ते कसब नव्हे, माप.

तेव्हा मापाचंच बघू. पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांत २३४० मिलिमीटर अंतर असतं. २४ नं भागलं की साडेसत्त्याण्णव. गाडीची लांबी ३९३० च्या आसपास, म्हणजे कागदावर १६४ मिलिमीटर. टायर ५.२० बाय १४ चं, उभी उंची ६०० मिलिमीटरच्या जवळ. २४ नं भागून २५. आणि इथे शेतकऱ्याच्या घरचा माणूस हसतो, कारण २५ मिलिमीटर हे पीव्हीसी पाइपाचं बाजारातलं नेहमीचं माप आहे, बाहेरून बाहेर. पाइपलाइन टाकून उरलेल्या तुकड्याच्या पाच-सहा मिलिमीटरच्या चकत्या कापल्या की पद्मिनीची चाकं तयार. ट्रकच्या ९.०० बाय २० टायरची उंची मीटरभराहून किंचित जास्त, म्हणजे १:२४ मध्ये ४२. पाइप मिळतो ४० चा. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी चढवावी. दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर वाढतं, माप जुळतं आणि रबरही खरं दिसतं.

सनबोर्डची मात्र एक खोड आहे. त्याची ३ मिलिमीटर जाडी १:२४ मध्ये ७२ मिलिमीटर होते. एवढ्या जाड पत्र्याची गाडी रणगाड्यासारखीच दिसणार, मग रंग कितीही झकास असो. म्हणून सांगाडा सनबोर्डचा ठेवावा आणि वरची कातडी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची करावी. पत्रिकेचा कागद ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे मापात सात ते दहा. घराघरात साठलेल्या पत्रिकांचा याहून चांगला उपयोग निदान या लेखमालेला ठाऊक नाही.

चिकटवताना घाई नको. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ पारदर्शक काचेवर बसते आणि काच पांढुरकी होते. सगळं उत्तम जुळून आलेल्या गाडीचे डोळे शेवटच्या पाच मिनिटांत असे आंधळे होतात. काच पांढऱ्या फेव्हिकॉलनं लावावी, वाळला की तो दिसत नाही. स्प्रेचं वेळापत्रक सोलापूरच्या उन्हानं ठरवावं. एप्रिलच्या दुपारी रंग गाडीपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि अंगावर नुसती पावडर बसते. सकाळी सात-साडेसातला काम उरकावं.

एसटी करायची तर अभ्यास आणखी वाढतो, आणि खरी मौज तिथेच आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती लाकडी बॉडीची बेडफर्ड. पुढे महामंडळाच्या गाड्यांच्या बॉड्या दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जाऊ लागल्या. नंबरप्लेट त्यावरून ठरते. सोलापूर जिल्ह्याचा क्रमांक एमएच १३, पण सोलापूर आगाराच्या लालपरीवर एमएच १४ किंवा एमएच २० दिसतं, कारण गाडीची नोंद जिथे बॉडी बांधली तिथे झालेली. हौशी माणूस आपल्या जिल्ह्याच्या प्रेमापोटी एमएच १३ घालतो, आणि एसटीचा जाणकार लांबूनच ओळखतो की हे चुकलं. ‘बस फॉर अस फाउंडेशन’ या एसटीप्रेमींच्या संस्थेच्या ‘वारी लालपरीची’ या फिरत्या प्रदर्शनात जुन्या-नव्या एसट्यांच्या प्रतिकृती मांडलेल्या असतात; तिथे रेंगाळणारी माणसं याच गोष्टींवर वाद घालतात.

ट्रकलाही असाच काळ असतो. मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये बंदी घातली. त्यानंतरच्या सालाचा ट्रक करत असाल तर ही अक्षरं सोडावीत, निदान पुसट करावीत. डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे मागून बिजागरी लावलेले, उलटे उघडणारे, पद्मिनीचे सरळ. दाराची मूठ चुकीच्या टोकाला लावली की गाडीचं वय वीस वर्षांनी चुकतं. अक्षरं आणि पट्टे यांसाठी परदेशी किटमध्ये पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं येतात. आपल्याकडे त्याचं काम नाक्यावरचा रेडियमवाला करतो. चार मिलिमीटर उंचीची अक्षरं सांगितली की आधी तो चमकून बघतो, मग कापून देतो.

किटं जमवणाऱ्यांची जात थोडी वेगळी. त्यातले बरेच पेटी उघडतच नाहीत, कारण उघडली की किंमत उतरते. चाळीस वर्षं न उघडलेल्या किटचा व्यवहार या लेखमालेला फारसा मानवत नाही, पण तो आहे आणि जोरात आहे. अशांनी एक गोष्ट तपासावी. जुन्या किटमधली मऊ व्हिनाइलची टायरं प्लास्टिकला टेकून राहिली, तर टायरातलं तेलकट द्रव्य झिरपतं आणि चाक किंवा काच वितळल्यासारखी होते. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळा काढणाऱ्या पेटीत हे लवकर होतं. टायरं वेगळ्या पिशवीत ठेवावीत, एवढ्यासाठी पेटी उघडायला हरकत नाही.

जे उघडून दाखवतात त्यांच्यात पुण्याच्या भाऊसाहेब जोशींचं नाव आधी येतं. कोथरूडला १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं त्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथला नायक आगगाडी असली तरी रुळांभोवती उभ्या केलेल्या गावाकडे आणि त्यातल्या रस्त्यांकडे नीट बघावं. मोटारींचं १:४३ हे लोकप्रिय माप मुळात खेळण्यातल्या रेल्वेकडूनच आलेलं आहे, आणि १:८७ हे त्याचं निम्मं.

आता एक विनंती. वळसंग असो, होटगी असो की आणखी कुठलं गाव, एखाद्या वाड्यामागे किंवा गॅरेजच्या कोपऱ्यात चाकं बसलेली फियाट किंवा फार्गो अजून उभी असते. भंगारवाला येण्याआधी मालकाला विचारून टेप लावा. चाकांच्या मध्यांतलं अंतर, लांबी, रुंदी, छपराची उंची, खिडक्यांच्या चारही कडा, पुढच्या जाळीतल्या पट्ट्यांची संख्या, एवढं वहीत उतरवा. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा, आणि प्रत्येक फोटोत गाडीला टेकवून एक फूटपट्टी ठेवा. पुढच्या लेखांकात याच मापांवरून सनबोर्डचा सांगाडा कापायला घेऊ.