‘फॉलआउट’ची समीक्षा आणि तुटक बोलीविषयीचा एक गैरसमज

एखादा मनुष्य तुटक बोलतो म्हणून त्याची बुद्धीही तुटपुंजी असली पाहिजे, हा समज फार जुना असून फार दूरवर पसरलेला आहे. ‘फॉलआउट’ नावाच्या १९९७ सालच्या एका अमेरिकन व्हिडिओ गेमच्या रचनेत तो आढळतो. त्या खेळाच्या समीक्षेत त्याची गणना दोषात न होता गुणात झालेली आहे. दुसरीकडे, आलापल्लीसारख्या गावात, जेथे माडिया, तेलुगू आणि मराठी या तीन भाषा एकमेकींशेजारी नांदतात, तेथे हाच समज शाळेतील मुलाच्या भवितव्याशी जाऊन भिडतो. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम खेळाचे स्वरूप आणि त्यावरील समीक्षकांची मते पाहणे इष्ट ठरेल.

१. खेळाचे स्वरूप

‘फॉलआउट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ अणुस्फोटानंतर खाली पडणारी किरणोत्सारी धूळ असा होतो. कॅलिफोर्नियातील ‘इंटरप्ले’ या संस्थेने ऑक्टोबर १९९७ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. टिम केन, लेनर्ड बोयार्स्की आणि ख्रिस टेलर ही त्याच्या निर्मितीतील प्रमुख नावे होत. याच संस्थेच्या १९८८ सालच्या ‘वेस्टलँड’ या खेळाचा वारसा त्याच्यामागे होता. कथा प्रलयोत्तर जगाची आहे. २०७७ साली अणुयुद्धाने जग उद्ध्वस्त होते. काही माणसे भूमिगत तळघरांत आश्रय घेऊन वाचतात. २१६१ साली अशाच एका तळघरातील पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक भाग निकामी होतो आणि तो दीडशे दिवसांच्या आत शोधून आणण्यासाठी एका रहिवाशाला बाहेरच्या ओसाड प्रदेशात पाठविले जाते. हा रहिवासी म्हणजेच खेळणारा होय.

प्रारंभी खेळणाऱ्याने आपले पात्र घडवावयाचे असते. शक्ती, अवलोकन, सहनशक्ती, व्यक्तिमत्त्वाची छाप, बुद्धी, चपळाई आणि दैव असे सात गुण त्याला दिलेले आहेत. प्रत्येकाचे मान १ ते १० या पट्टीवर ठरते. एक गुण वाढवावा तर दुसऱ्यास कात्री लावावी लागते. प्रवास मुक्तपणे चालतो. परंतु लढाई सुरू होताच पट षट्कोनी घरांत विभागला जातो आणि बुद्धिबळाप्रमाणे प्रत्येकाची पाळी येते. पाळीत किती हालचाल करता येईल हे चपळाईवर अवलंबून असते: चपळाई १० असेल तर हालचालीचे १० गुण मिळतात, १ असेल तर ५. चालणे, बंदूक झाडणे, पिशवी उघडणे, प्रत्येक कृतीला त्यातून किंमत मोजावी लागते.

२. पाळीच्या पद्धतीविषयी मतभेद

समीक्षकांचा पहिला वाद या पाळीच्या पद्धतीविषयी झाला. ‘फॉलआउट’ तयार होत असतानाच ‘डायाब्लो’ हा खेळ बाजारात येऊन गाजू लागला होता. त्यात पाळी नाही. शत्रू थांबत नाही, हात थांबला की पात्र मरते. त्या यशामुळे ‘फॉलआउट’मधूनही पाळी काढून टाकावी असा आग्रह संस्थेत सुरू झाला आणि तो परतवावा लागला, असे केन यांनी पुढे २०१२ साली खेळनिर्मात्यांच्या एका परिषदेत सांगितले. पाळीच्या विरोधकांचे म्हणणे असे की तीमुळे लढाई संथ होते आणि भयाची जाणीव ओसरते. समर्थकांचे म्हणणे असे की पाळी हाताच्या वेगाऐवजी विचाराला वाव देते. चुकीचे उत्तरदायित्व खेळणाऱ्याच्या निर्णयावर येते. साथीदार पात्रांवर खेळणाऱ्याचे पुरेसे नियंत्रण नसणे आणि त्यांच्या गोळ्या प्रसंगी त्यालाच लागणे, हा दोष मात्र दोन्ही पक्षांनी दाखविला.

२००८ साली ‘बेथेस्डा’ या संस्थेने ‘फॉलआउट ३’ प्रसिद्ध केला. त्यात पाळीऐवजी अखंड चालणारी लढाई आली आणि मधूनच काळ थांबवून नेम धरण्याची सोय ठेवण्यात आली. यामुळे खेळाचा वाचकवर्ग, म्हणजे येथे खेळणारा वर्ग, पुष्कळ विस्तारला. जुन्या चाहत्यांना मात्र मूळ प्रकृती हरवल्यासारखे वाटले. त्यांची रुची मृत झालेली नव्हती हे २०१२ साली दिसून आले. ‘वेस्टलँड २’ हा पाळीचाच खेळ काढण्यासाठी लोकवर्गणीचे आवाहन होताच साठ हजारांहून अधिक लोकांनी सुमारे २९ लाख डॉलर दिले आणि २०१४ साली तो खेळ प्रसिद्ध झाला.

३. भाषेची स्तुती

पाळीविषयी मतभेद असले तरी एका बाबतीत समीक्षकांचे मत बहुतांशी अनुकूल आहे. ती बाब म्हणजे संभाषण. ‘फॉलआउट’मध्ये बोलणे हे कृतीइतकेच समर्थ आहे. कथेच्या शेवटी जो मुख्य प्रतिनायक भेटतो, तो मनुष्यजातीचे रूपांतर एका नव्या, बलाढ्य वंशात करू पाहतो. त्याला शस्त्राने मारता येते. परंतु खेळणाऱ्याचे वक्तृत्व पुरेसे असेल आणि तो नवा वंश प्रजननास असमर्थ आहे याचा पुरावा त्याने जवळ बाळगला असेल, तर केवळ युक्तिवादाने त्या प्रतिनायकाला त्याची योजना निष्फळ असल्याचे पटवून देता येते आणि तो स्वतःच आपला अंत करून घेतो. वादाने जिंकता येणारे अंतिम युद्ध ही या खेळाची फार वाखाणलेली कल्पना आहे.

याच्या जोडीला आणखी एका योजनेची नेहमी स्तुती केली जाते. पात्राची बुद्धी ४ पेक्षा कमी ठेवल्यास खेळणाऱ्यासमोर येणारी वाक्ये बदलतात. पूर्ण वाक्यांच्या जागी हुंकार, एकेक शब्द आणि मोडकी वाक्ये येतात. समोरची पात्रे त्याला कधी दयेने, कधी उपहासाने वागवितात आणि पुष्कळशी कामे त्याच्यावर सोपविली जातच नाहीत. खेळणाऱ्याने केलेल्या निवडीची दखल जग इतक्या सूक्ष्मतेने घेते, हे समीक्षकांना रास्तपणे कौतुकास्पद वाटले. २०१५ सालच्या ‘फॉलआउट ४’ मध्ये प्रत्येक प्रसंगी उत्तराचे चारच ठरावीक पर्याय ठेवले गेले तेव्हा समीक्षकांनी नापसंती दर्शविली आणि तुलनेसाठी जुन्या खेळातील संभाषणाकडे बोट दाखविले.

रचनेच्या दृष्टीने हे कौतुक योग्यच आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र येथे एक प्रश्न उपस्थित होतो. या योजनेत बुद्धी हे कारण आणि वाक्यरचना हे कार्य असे सरळ समीकरण मांडलेले आहे. ओसाड प्रदेशात परक्या वस्तीत आलेला मनुष्य तेथील बोलीशी अपरिचित असल्यामुळे अडखळेल, या शक्यतेला खेळाच्या गणितात जागाच नाही. जो अडखळतो तो मंदबुद्धीच, असे ते गणित सांगते.

४. खेळानेच दिलेले उत्तर

कौतुकाची गोष्ट अशी की या समीकरणाला छेद देणारा प्रसंग १९९८ सालच्या ‘फॉलआउट २’ मध्येच आलेला आहे. क्लॅमाथ नावाच्या वस्तीत टॉर नावाचा एक गुराखी भेटतो. सामान्य बुद्धीच्या पात्राशी तो मोडके-तोडके बोलतो आणि वस्तीतील लोकही त्याला भोळसट समजतात. परंतु खेळणाऱ्याने स्वतःच अत्यल्प बुद्धीचे पात्र घेतले असेल, तर त्या दोघांचे संभाषण एकाएकी सुसंस्कृत, आलंकारिक आणि नेमके होते. दोघेही परस्परांना पूर्णपणे समजतात. लेखकांचा उद्देश अर्थातच विनोदाचा होता आणि चाहत्यांनीही तो विनोद म्हणूनच लक्षात ठेवला. परंतु विनोदाच्या ओघात येथे एक शास्त्रीय तथ्य सांगितले गेले आहे: बोली बाहेरच्याला मोडकी वाटते, आतल्याला ती पूर्ण असते.

हेच तथ्य विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ साली ‘द लॉजिक ऑफ नॉनस्टँडर्ड इंग्लिश’ या निबंधात प्रतिपादिले होते. न्यूयॉर्कमधील हार्लेम भागातील कृष्णवर्णीय मुले मुलाखतीत एकाक्षरी उत्तरे देत. त्यावरून त्यांच्या ठिकाणी भाषेचाच अभाव आहे असा निष्कर्ष त्या काळचे काही शिक्षणतज्ज्ञ काढीत. लबॉव्ह यांच्या प्रयोगात मुलाखत घेणारा मुलासोबत जमिनीवर बसला, मुलाचा जिवलग मित्र बोलावण्यात आला, बटाट्याच्या काचऱ्या खाण्यासाठी ठेवण्यात आल्या. आणि तोच अबोल मुलगा भराभर बोलू लागला. मुलाची बुद्धी एका दिवसात वाढली नव्हती. प्रसंग बदलला होता.

५. शब्दावर वाद, वाक्यावर मौन

भारतात या खेळमालिकेची चर्चा झाली ती ऑक्टोबर २००८ मध्ये. येथील सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन ‘फॉलआउट ३’ भारतात विक्रीस आणला जाणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने त्या वेळी जाहीर केले. नेमके आक्षेपार्ह काय ते कंपनीने सांगितले नाही. तथापि लोकांचा तर्क एका नावाभोवती फिरत राहिला. या खेळांत किरणोत्सारामुळे दोन तोंडे फुटलेल्या गाई आहेत आणि त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हटले जाते. टॉर राखतो ती गुरेही हीच.

या नावाच्या मुळाशी अमेरिकेतील ‘ब्राह्मण’ हा गोवंश दिसतो. गीर, ओंगोल, कांकरेज आणि कृष्णा खोऱ्यातील गुरे यांच्या संकरातून अमेरिकेत हा वंश तयार झाला असून त्याच्या पैदासकारांची संघटना १९२४ साली स्थापन झाली. म्हणजे सांगली-मिरजेकडच्या कृष्णाकाठच्या बैलांचे रक्तही त्या नावामागे आहे. भारतातून गेलेले जनावर परक्या नावाने परत आले आणि त्या नावाने येथे चर्चा माजली. शब्दाचा हा प्रवास मनोरंजक आहे यात शंका नाही. परंतु एका नामावर इतका खल होत असता, मोडके वाक्य म्हणजे मंद बुद्धी हे जे समीकरण खेळात आहे, त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. कारण ते समीकरण आपल्यालाही स्वाभाविक वाटते.

६. आलापल्लीचे उदाहरण

ते स्वाभाविक का नाही हे आलापल्लीकडे पाहिल्यास स्पष्ट होईल. सागवानाच्या जंगलासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव अहेरी तालुक्यात आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, त्यात ते आले. येथून एक रस्ता भामरागडकडे माडिया मुलखात जातो, दुसरा सिरोंच्याकडे तेलुगू सीमेवर. गावाच्या मराठीवर झाडीबोलीची छाया आहे. तीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, आणि तेवढ्यावरून पुण्या-मुंबईचा मनुष्य तिला अशुद्ध ठरवून मोकळा होतो.

माडिया ही गोंडीची बोली असून गोंडी द्राविडी कुळातील आहे. मराठीत तीन लिंगे आहेत. गोंडीत दोनच वर्ग आहेत, पुल्लिंगी आणि पुल्लिंगेतर. ‘ती’ आणि ‘ते’ या दोहोंसाठी तेथे एकच सर्वनाम चालते. माडिया घरातून मराठी शाळेत आलेले मूल आईविषयी बोलताना ‘ती आली’ऐवजी ‘ते आले’ म्हणाले, तर त्याने आपल्या भाषेतील एक काटेकोर नियम दुसऱ्या भाषेत नेलेला असतो. नियम नेण्यासाठी नियम जाणणारी बुद्धी लागते. उलट, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील जो भेद इंग्रजी बोलणाऱ्याला समजावून सांगावा लागतो, तो या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून असे दोन प्रथमपुरुषी अनेकवचनी भेद त्याच्या भाषेत आहेतच.

परंतु वर्गातील गणित पुष्कळदा ‘फॉलआउट’च्या गणितासारखे चालते. उत्तर तुटक आले की बुद्धीचा आकडा खाली धरला जातो. आकडा खाली धरला की कठीण प्रश्न विचारले जात नाहीत, आणि प्रश्न न विचारल्याने भाषा वाढत नाही. खेळात कमी बुद्धीच्या पात्रावर कामे सोपविली जात नाहीत, त्यासारखाच हा प्रकार होय. फरक इतकाच की खेळणाऱ्याला नवे पात्र घेऊन पुन्हा आरंभ करता येतो. सहा वर्षांच्या मुलाला ती सोय नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तरतूद १९५६ सालच्या घटनादुरुस्तीने ३५० अ या अनुच्छेदात झाली. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्यास सांगितले. या तरतुदींचे मर्म हेच की मुलाची बुद्धी त्याला अवगत असलेल्या भाषेत तपासली जावी.

७. समारोप

‘फॉलआउट’ हा कनिष्ठ प्रतीचा खेळ आहे असे यावरून सिद्ध होत नाही. उलट, बोलण्याला कृतीचे सामर्थ्य देणारे खेळ थोडे आहेत आणि त्यांत त्याचे स्थान मोठे आहे. समीक्षकांनी त्याला दिलेला मान उचित आहे. परंतु ज्या योजनेला समीक्षक सूक्ष्म म्हणतात तिच्यात एक स्थूल चूक आहे. ती सुधारण्याची रीतही खेळातच आहे. टॉरशी बोलताना भाषा बदलते ती ऐकणारा बदलतो म्हणून. आलापल्लीच्या वर्गात माडिया जाणणारा शिक्षक उभा राहिला, तर अडखळणारे मूल किती बोलू शकते हे त्याच दिवशी ऐकू येईल.