काटेरी हलवा, काचेची गोळी

2024च्या फेब्रुवारीत रावळगाव शुगर फार्म या कंपनीने आपल्या गोळ्यांची नावं, ट्रेडमार्क आणि पाककृती रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला 27 कोटी रुपयांना विकल्या. जमीन, इमारती आणि यंत्रं कंपनीने स्वतःकडेच ठेवली. ‘पान पसंद’, ‘मँगो मूड’, ‘कॉफी ब्रेक’ ही नावं आणि त्या चवींचं गणित तेवढं दुसऱ्याच्या मालकीचं झालं. उद्योगांच्या जगात 27 कोटी म्हणजे किरकोळ रक्कम. तरीही ज्यांचं बालपण या गोळ्या चघळण्यात गेलं, त्या पिढीला ही बातमी चुटपुट लावून गेली.

रावळगाव हे नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं गाव. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी इथल्या कोरड्या माळावर ऊस पिकवला आणि 1933मध्ये साखर कारखाना उभा केला. जहाजं, विमानं आणि मोटारी या देशात बनायला हव्यात असा ध्यास घेतलेला हा माणूस. त्याच्याच कारखान्यात 1942पासून गोळ्या तयार होऊ लागल्या. साखर दाराशीच होती, तिच्यापासून जास्त मोलाचं काही करावं हा त्यामागचा साधा व्यवहार होता. त्याआधी, 1929मध्ये, मुंबईच्या विलेपार्ल्यात चौहान कुटुंबाने जर्मनीहून यंत्रं आणून कारखाना टाकला होता. आज बिस्किटांमुळे ओळखल्या जाणाऱ्या पार्लेची सुरुवात संत्र्याच्या गोळीने झाली. बिस्किटं आली ती नंतर दहाएक वर्षांनी.

या गोळ्यांना कोणी लिमलेट म्हणायचं, कोणी पेपरमिंट. वाण्याच्या दुकानात काचेच्या बरणीत संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या केशरी-पिवळ्या लिमलेट असायच्या आणि वाणी झाकण फिरवून, हात घालून चार मोजून द्यायचा. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेत ओळीने हातावर ठेवली जायची तीही हीच. शंभर-दोनशे मुलांना एकाच वेळी वाटता येईल, उन्हात धरली तरी वितळणार नाही आणि पेढ्यासारखी दुसऱ्या दिवशी आंबणार नाही, असा दुसरा स्वस्त गोड पदार्थ शाळेच्या हाताशी नव्हता.

ही गोळी बनते कशी, ते पाहण्यासारखं आहे. घरात साखरेचा पाक करताना आधी एकतारी, मग दोनतारी, मग गोळीबंद अशा पायऱ्या येतात. गोळीबंद पाकाचं तापमान साधारण 115 अंश सेल्सिअस असतं. घरचा स्वयंपाक सहसा इथे थांबतो. गोळीचा कारखाना मात्र पुढे जातो. पाक 150 अंशांच्या आसपास नेला की त्यात जेमतेम एक-दोन टक्के पाणी उरतं. असा पाक झटपट थंड केला तर साखरेच्या रेणूंना ओळीने बसून स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. ते जिथल्या तिथे गोठतात. जे तयार होतं ती शास्त्राच्या भाषेत काच असते: पारदर्शक, कडक आणि आपटली तर कडा धारदार करत फुटणारी. खिडकीची काच वाळूची, ही साखरेची.

साखरेला मात्र स्फटिक होण्याची ओढ फार. पाकाच्या भांड्याच्या कडेला राहिलेला एखादा कणही सगळा पाक रवाळ करून टाकू शकतो. म्हणून कारखान्यात साखरेबरोबर ग्लुकोजचा घट्ट पाक घालतात. त्याचे वेगळ्या घडणीचे रेणू मध्ये येऊन साखरेची रांग मोडतात. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्लही हे काम करतं, कारण ते साखरेचे दोन तुकडे करतं. पण उकळत्या पाकात आम्ल पडलं तर हे तुटणं हाताबाहेर जातं आणि गोळी चिकट होते. त्यामुळे आंबटपणा, रंग आणि वास शेवटी मिसळतात, पाक थंड पाट्यावर ओतून कणकेसारखा तिंबताना. वासाची अत्तरं इतक्या उष्णतेत उडून जातात, हेही एक कारण. मग त्या गरम गोळ्याची जाड दोरी ओढली जाते आणि ती साच्यांच्या जोडीमधून जाताना गोळ्या सुट्या होत पडतात. तिंबताना आत हवा अडकली तर चघळता चघळता पोकळी उघडी पडते आणि तिची कड टाळ्याला कापते. लहानपणी हे अनुभवलं नाही असा माणूस विरळा.

या काचेचा शत्रू म्हणजे दमट हवा. कोकणात पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या गोळ्या एकमेकींना बिलगतात, त्यांच्यावर ओला थर येतो आणि त्यातच साखर हळूहळू रवाळ होऊ लागते. प्रत्येक गोळीला पिळलेला कागद का, याचं उत्तर इथे आहे.

मराठी घरातला सणाचा कडक गोडवा मात्र काचेचा नाही. तो नेमका उलट वाटेने जातो. खडीसाखर, गाठी, हलवा, पंढरपूरच्या प्रसादातले साखरफुटाणे, या सगळ्यांत साखरेला स्फटिक होऊ दिलेलं असतं. गाठींसाठी पाकात दूध घालून मळी वर आणतात, ती काढून टाकतात आणि स्वच्छ पाक लाकडी साच्यात, आधीच ताणून बसवलेल्या दोऱ्यावर ओततात. साचा उघडला की पांढऱ्या पदकांची माळ हातात येते. होळीला ती मुलांच्या गळ्यात पडते, पाडव्याला गुढीवर कडुलिंबाच्या डहाळीशेजारी चढते. होळी ते पाडवा हेच या कारागिरांचे कमाईचे दिवस.

यातलं सगळ्यात अवघड काम हलव्याचं. संक्रांतीच्या आधी मंद आचेवर परात किंवा कढई ठेवतात, त्यात तीळ. वरून चमचाभर पाक आणि लगेच बोटांची हालचाल सुरू. पाक तिळावर सुकला की पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते, हात थांबला तर सगळंच बसतं. असं तासन्‌तास, घरी करायचं तर दिवसच्या दिवस चालतं, तेव्हा तिळाभोवती पांढरे काटे उमलतात. थंडी चांगली पडली तर काटा चांगला येतो, असं हे काम करणाऱ्या बायका सांगत आल्या आहेत. आता मोठे व्यावसायिक फिरत्या भांड्यात हलवा करतात. तरी हातच्या हलव्याचा काटा वेगळा कळतो, आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत.

हाच काटा जपानमध्ये आहे. तिथल्या कोनपेइतो या मिठाईची मूठ आपल्या हलव्यात मिसळली तर निवडताना घोटाळा व्हावा. पोर्तुगीजांनी ती तिकडे नेली. 1569 साली लुईश फ्रोइश या धर्मप्रसारकाने काचेच्या बरणीतून ती ओदा नोबुनागा या सरदाराला भेट दिली. आजही हातचं कोनपेइतो करायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि जपानच्या राजघराण्यातल्या समारंभांत पाहुण्यांना ते छोट्या चांदीच्या डबीतून दिलं जातं. साखर सगळीकडे सारखी बसायला हवी, मग काटे का यावेत, हा प्रश्न तोराहिको तेरादा या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला गेल्या शतकात इतका भावला की त्याने त्यावर लिहिलं. आपल्याकडेही माजघरात हा चमत्कार पिढ्यानपिढ्या घडत आला आहे, आणि त्याच्याकडे कुतूहलाने पाहणारं लेखन मराठीत अजून भरपूर व्हायला हवं.

हलव्यात वेळ जातो तो करणाऱ्याचा, लिमलेटमध्ये खाणाऱ्याचा. कडक गोळीची ओढ इतकी वर्षं टिकली त्याचं मोठं कारण हा वेळ आहे. चारेक ग्रॅम साखर पेढ्यात असती तर एका घासात संपली असती; गोळीत ती पाच-दहा मिनिटं पुरते. ज्या घरात मुलाच्या हातावर एकच नाणं पडायचं, तिथे याला मोल होतं. एसटीच्या घाटातल्या प्रवासात मळमळू नये म्हणून आंबट गोळी, घसा बसला तर वेलची आणि खडीसाखर. विमान उडण्याआधी हवाई सुंदरी गोळ्यांचा ट्रे फिरवायची तोही आवंढे गिळून कानातला दाब मोकळा व्हावा म्हणून. दातांचे डॉक्टर याच रेंगाळण्याला घाबरतात, आणि त्यांचं बरोबर आहे: साखर जितका वेळ तोंडात, तितका वेळ दातांवर आम्ल. अगदी लहान मुलांच्या घशात गोळी अडकू शकते, हेही घरच्यांनी विसरू नये.

धंद्याचं गणित मात्र अवघड होत गेलं. गोळीची किंमत नाण्याला बांधलेली. साखर महागली, वीज महागली, मजुरी वाढली, तरी रुपयाची गोळी सव्वा रुपयाला विकता येत नाही. 2011मध्ये पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं आणि सगळ्यात खालची पायरीच नाहीशी झाली. सुट्टे नाहीत म्हणून वाणी हातावर गोळी टेकवायचा, ती सवयही मोबाइलवरून नेमके पैसे पोहोचू लागल्यावर ओसरली. रावळगावनेही वाढता खर्च आणि तीव्र स्पर्धा हीच कारणं पुढे केली होती.

पण माणसांची कडक गोळीची आवड आटली म्हणून हे घडलं, असं म्हणता येत नाही. 2015मध्ये डीएस समूहाने ‘पल्स’ ही कैरीच्या चवीची गोळी एक रुपयाला बाजारात आणली. बाहेर आंबट-गोड काच, पोटात तिखट-खारट मसाला. आठ महिन्यांत तिने शंभर कोटींची विक्री केली. मीठ-मसाला लावलेली कैरी आवडणाऱ्या देशात ही चव गोळीत यायला इतका उशीर का झाला, हेच नवल.

आणि हलवा? डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या दुकानांत हलव्याचे दागिने टांगले जातात. नव्या सुनेसाठी हार, बांगड्या, बाजूबंद, नथ. बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या साडीवर पांढरा हलवा उठून दिसतो. दाण्याला भोक पाडायला गेलं तर तो फुटतो, म्हणून जुन्या पद्धतीत एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवून माळ केली जाते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मागण्याही याच दिवसांत येतात आणि त्या आधी पाठवाव्या लागतात. प्रवासात काटे झडतात, त्यामुळे जाणती कारागीर बाई दागिन्यांसोबत सुट्ट्या हलव्याची एक पुडी घालते, झडलेल्या जागी पुन्हा बसवायला.